पाव स्वर खाली

भिया गिटार लावायला बसला की आधी पायातलं काढायचा. चप्पल असो, कारखान्यातले जाडजूड सेफ्टी शूज असोत, नाहीतर स्टेजसाठी मुद्दाम घेतलेले काळे बूट असोत. ते काढून, एकाशेजारी एक नीट ठेवून, मग तो डोळे मिटून घशातल्या घशात एक सूर धरायचा आणि त्या सुरावर एकेक तार पिळत बसायचा. आमच्या कार्यक्रमाला आलेल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना हे बघून हसू यायचं. कानठळ्या बसवणारं रॉक वाजवायला आलेला माणूस, केस खांद्यापर्यंत, अंगात काळा टीशर्ट, आणि पायांत नुसते मोजे, त्यातल्या एकाला अंगठ्यापाशी भोक. मी एकदा त्याला विचारलं, अरे बाबा, हे कसलं सोवळं? तो म्हणाला, "दादा, सा लावताना पायात काही असलं न, तर घरून कोणीतरी रागावेल असं वाटतं."

भिया हे काही त्याचं नाव नव्हे. आमच्या देवासात भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत सगळेच एकमेकांचे भिया, म्हणजे भाऊ, असतात. पण आमच्या कॉलनीत कोणी नुसतं "भिया येऊन गेला" म्हणालं की तो हाच, हे ठरलेलं होतं. साठीच्या काकवासुद्धा त्याला भिया म्हणायच्या आणि त्याच्या हातावर गुळाची पोळी ठेवायच्या. खरं नाव कारखान्याच्या हजेरीत होतं, ते तिथेच राहिलं.

त्याचं घर म्हणजे धारला, दत्ताच्या देवळामागच्या दोन खोल्या. तिथे त्याचे वडील, तात्या, राहतात. घराणं जुनं, पूर्वज संस्थानच्या दफ्तरात होते. तात्यांपर्यंत येता येता त्यातलं देवळाच्या पूजेचं काम तेवढं उरलं होतं, आणि पोटासाठी शाळेतली मास्तरकी. भिया पाच वर्षांचा असतानाच त्याची आई गेली. नवव्या वर्षी त्याला सांधे सुजवणारा ताप आला, आणि तो ताप जाता जाता त्याच्या हृदयाची एक झडप खराब करून गेला. वर्षभर अंथरुणातून उठायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. नऊ वर्षांच्या पोराला वर्षभर झोपवून कसं ठेवणार? तात्यांनी देवळातली पेटी उचलून त्याच्या खाटेशेजारी आणून ठेवली. गुरुवारी भजनापुरती ती देवळात जायची आणि आरती झाली की पुन्हा खाटेजवळ यायची. पोराने वर्षभर सकाळ-संध्याकाळ त्या पेटीचा सा ऐकला. पुढे तात्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने गाव सोडताना आपली गिटार त्याला देऊन टाकली. शिकवायला धारमध्ये कोण होतं? तात्यांनी पेटीवर सा धरला आणि म्हणाले, "याला मिळव." भियाची तालीम ती एवढीच. बाकीचं सगळं त्याने मोबाइलवर बघून आणि स्वतःच्या डोक्याने केलं.

माझी आणि त्याची गाठ पडली ती कारखान्यात. मी क्वालिटीला आहे. वडील जळगावहून नोकरीसाठी इथे आले, मी इथेच वाढलो आणि इथेच चिकटलो. वीसेक वर्षं मी दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंतल्या चुका शोधतोय. असं करून करून माणसाचा स्वभाव कसा होतो, ते माझ्या बायकोला विचारा. पोळी गोल नसली तरी मला दिसतं, आणि दिसलं की मी बोलतो. तर अशा माझ्या हाताखाली पॉलिटेक्निकमधून नुकताच बाहेर पडलेला हा एकवीस वर्षांचा मुलगा आला. आमच्याकडे कास्टिंगला, म्हणजे ओतीव लोखंडी भागाला, हलकी हातोडी मारून आवाज ऐकायची पद्धत आहे. आतून तडा असेल तर आवाज बसका येतो. सगळ्यांना ते कळतं, पण भियाला फारच कळायचं. मशीनवर तपासून पास झालेलं एक कास्टिंग त्याने पहिल्याच आठवड्यात बाजूला काढलं. म्हणाला, "दादा, ही रडून राहिलीय." मी चिडून ते कापून पाहिलं. आत केसाएवढा तडा निघाला. त्या दिवसापासून मी त्याला कधी डबा एकट्याने खाऊ दिला नाही.

डबा खाता खाता माझं एक जुनं पाप बाहेर आलं. कॉलेजात असताना मी बेस गिटार घेतली होती आणि लग्नानंतर ती माळ्यावर टाकली होती. बेस म्हणजे चार तारा, कमी बोलणारं वाद्य, माझ्यासारख्याला जमेल असं. भियाने दुसऱ्याच रविवारी घरी येऊन, माळ्यावर चढून, ती खाली आणली. खाली उतरल्यावर तो जिन्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. मला वाटलं पोराला धूळ लागली. झडपेची गोष्ट त्याने मला त्या दिवशी सांगितली, तीही अगदी बसची वेळ सांगावी तशी.

ड्रम वाजवणारा इरफान. त्याच्या घरचं टेंट हाउस आहे, आणि लग्नाच्या गाद्या-रजया ठेवायच्या गोदामात आम्ही रविवारी दुपारी वाजवत असू. गाद्या छतापर्यंत रचलेल्या असत, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे आणि शेजारी भांडायला येत नसत. बँडचं नाव इरफाननेच ठेवलं, गद्दाघर. नाव ऐकून कॉलेजांचे लोक आधी हसत आणि मग विसरत नसत. सहा-सात वर्षांत आम्ही उज्जैन, रतलाम, इंदूर, सगळीकडे वाजवलं. आमचं फार काही नाव झालं असं नव्हे. पण गाणी भियाची स्वतःची होती, आणि ती मराठीत होती. शिक्षण सगळं हिंदीतून झालेलं, मराठी वाचताना अडखळायचा, पण गाणं मात्र मराठीत. एक गाणं कारखान्याच्या भोंग्यावर होतं, एक लेबडच्या फाट्यावर बसची वाट पाहणाऱ्या बाईवर. अर्धे शब्द हिंदी, चार माळवी, आणि मध्येच एखादा शब्द तात्यांच्या पूजेतला. समोरच्यांना निम्मं कळत नसे, तरी ती पोरं त्याच्याबरोबर ओरडून गात.

स्टेजवर भिया खांबासारखा उभा असायचा. बाकीचे गिटारवाले उड्या मारतात, गुडघ्यांवर घसरतात. हा हलायचा नाही. दर दुसऱ्या गाण्यानंतर स्पीकरच्या खोक्यावर बसायचा आणि पुढचं गाणं बसूनच वाजवायचा. लोकांना वाटायचं, ही त्याची स्टाइल आहे. रतलामच्या एका कॉलेजात तर दोन पोरं पुढच्या वर्षी तशीच खोक्यावर बसून वाजवताना दिसली. भिया खूश झाला. "मला उड्या मारायला मनाई आहे," तो म्हणायचा, "तारांना कोणी मनाई केली नाही." आणि खरंच, त्याच्या तारा उड्या मारत. इरफान नव्या माणसाला आधीच सांगून ठेवायचा, "भिया का हाथ देखना, पाँव मत देखना."

आणि तात्या. माणूस इतका मऊ, की शाळेत पोरं त्यांना का घाबरत नसतील हे मला पहिल्या भेटीतच कळलं. आमचा कार्यक्रम कुठेही असो, तात्या धारहून बस बदलत बदलत यायचे. पांढरा सदरा, काखेत पिशवी, पहिल्या रांगेत खुर्ची. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत ते पिशवीतून कापूस काढायचे, दोन्ही कानांत नीट बसवायचे आणि मग हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकायचे. एकदा मी म्हणालो, तात्या, एवढा त्रास होतो तर मागे बसा. ते म्हणाले, "मागून तो दिसत नाही." कार्यक्रम संपला की कापूस काढायचा, भियाजवळ जायचं आणि एवढंच म्हणायचं, "स्वर लागला होता." भियाला टाळ्यांपेक्षा हे हवं असायचं. कधी तात्या हे म्हणायला विसरले, तर तो पिशवी उचलण्याच्या निमित्ताने त्यांच्याभोवती घोटाळत राहायचा.

मग इंदूरचा कार्यक्रम आला. मुंबईच्या एका गायिकेचा मोठ्या मैदानावरचा कार्यक्रम होता आणि तिच्या आधी अर्धा तास वाजवायला इथला बँड हवा होता. आम्ही निवडले गेलो. अट एकच, की त्यांचा कीबोर्डवाला आमच्याबरोबर वाजवेल. आम्ही आजवर कीबोर्ड कधी घेतला नव्हता. भियाच्या मते ती लग्नाच्या ऑर्केस्ट्रातली वस्तू होती. दुपारी आवाज तपासायला उभे राहिलो, आणि पहिल्याच गाण्याला सगळं बेसूर. कीबोर्डवाला मुलगा भला होता. तो अवघडून म्हणाला, "सर, आप लोग नीचे हो. थोड़ा सा, पर पूरे के पूरे नीचे हो." त्याने गिटारच्या डोक्याला सूर मोजायचा छोटा चिमटा लावला. काटा मध्ये यायला तयार नाही. दुसरा चिमटा लावला, तेच. भियाचा सा जगाच्या सा पेक्षा जवळजवळ पाव स्वर खाली होता. आणि माझा बेस त्याच्यावरून लावलेला, म्हणून मीही खाली. पोळीचा आकार डोळ्यांनी मोजणारा मी, सहा वर्षं एका चुकीच्या मापावर वाजवत होतो आणि एकदाही मोजून पाहिलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी मान वर केली नाही.

भियाने तारा चढवल्या आणि संध्याकाळी वाजवलं. सुंदर वाजवलं. गायिकेचा गिटारवाला मागे येऊन त्याला म्हणाला, मुंबईला या, काम देतो. भियाने हसून नंबर घेतला. मग सगळे गेल्यावर बूट चढवत मला म्हणाला, "दादा, चांगलं झालं न. पण सगळा वेळ कोणा पाहुण्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटत होतं. वाढतील तेवढंच खायचं, मागायचं नाही." पुढच्या रविवारी गोदामात त्याने चप्पल काढली आणि जुनाच सा धरला. मी इरफानकडे पाहिलं. तो म्हणाला, "ड्रम में कौन सा सा होता है, भिया. अपने को दोनों चलेगा."

मला मात्र दोन्ही चालणार नव्हतं. आमच्या कामात एक शिकवण असते. वस्तू सारखी चुकीची येत असेल तर वस्तू घासत बसायचं नाही, ती जिथून येते ते यंत्र शोधायचं. मी पुढच्याच गुरुवारी धारला गेलो, भजन संपल्यावर पेटीसमोर मोबाइल धरला आणि एकेक पट्टी मोजली. पेटी जुनी, पट्ट्या थकलेल्या, सगळ्या सारख्याच उतरलेल्या. पाव स्वर खाली. तात्यांना वाटलं मी फोटो काढतोय, ते जरा सावरून बसले. परतीच्या बसमध्ये मी खूश होतो. चूक सापडली की मला नेहमीच बरं वाटतं.

त्या हिवाळ्यात भियाची तब्येत ढासळली. गोदामाचा जिना चढताना तो दोनदा थांबू लागला, आणि मग खालीच गाद्यांवर बसून वाजवू लागला. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, झडप बदलावी लागेल, आता थांबता येणार नाही. फेब्रुवारीतला दिवस ठरला. त्याच्या हातात आठ आठवडे होते. एका दुपारी डबा खाताना तो मला म्हणाला, "दादा, एक काम आहे. ऑपरेशनच्या आधी माझी चार गाणी रेकॉर्ड करायची. ड्रम नको, काही नको. मी आणि तात्यांची पेटी, तात्याच वाजवतील. धारला, घरीच." मी म्हणालो, बरा झालास की स्टुडिओत करू, घाई काय आहे? तो भाजीत घास फिरवत राहिला. "बरा होईन न. पण नाही झालो, तर तात्यांकडे काय राहील? मोबाइलमध्ये तर सगळीकडे ड्रमच वाजून राहिलाय. ते कापूस घालून किती ऐकतील?"

हे ऐकल्यावर मी ठरवलं की ही चार गाणी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम असेल. आवाज टिपायचं चांगलं यंत्र ओळखीतून मिळवलं. आणि पेटी. भात्यातून हवा जाते, तेवढा दुरुस्त करून आणतो, असं सांगून मी ती तात्यांकडून घेतली. तात्या म्हणाले, "भाता तेवढा बघा हं." मी ती उज्जैनच्या एका कारागिराकडे नेली. भाता तर झालाच, पण मी त्याला म्हणालो, सूरही पक्के करा, जगाला मिळतील असे. तीन शनिवार मी त्याच्याजवळ बसलो. तो आतल्या पितळेच्या पट्ट्या कानशीने हलक्या हाताने घासायचा आणि मी मोबाइलवर काटा बघून हो-नाही सांगायचो. शेवटच्या शनिवारी एकही पट्टी इकडे-तिकडे नव्हती. वाटलं, भियाची गाणी आता कोणत्याही वाद्याबरोबर वाजतील, कुठेही, कधीही. कोणाला काही बोललो नाही. गंमत म्हणून ठेवली होती.

रेकॉर्डिंगचा दिवस रविवार. ऊन अंगणात आलेलं, देवळात कोणी नाही. मी पेटी भियासमोर ठेवली आणि म्हणालो, बघ. त्याने सा दाबला. हात तसाच राहिला. त्याने तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग भिया हसला आणि म्हणाला, "वा दादा. नवी नवरी करून आणली." तात्या म्हणाले, "फार कष्ट घेतलेत तुम्ही." मी काय सांगू किती सुखावलो ते. भियाने चप्पल काढली आणि तारा लावायला बसला. एरवी पाच मिनिटांचं काम, त्या दिवशी तास लागला. डोळे मिटून नव्हे, पेटीवर कान ठेवून लावत होता. पहिली तार तुटली. नव्या तारा मी डिकीत ठेवल्या होत्या, त्या आणायला बाहेर गेलो आणि शेजाऱ्यांशी चार शब्द बोलून परत आलो. तोवर भियाने तुटलेली तार काढून ठेवली होती.

त्याने गायला सुरुवात केली. हात बरोबर होता, पण आवाज टिकेना. ओळ नीट उचलायचा आणि अर्ध्यावर हळूहळू खाली यायचा. मी कानाला हेडफोन लावून बसलेलो. मी म्हणालो, "भिया, सूर उतरतोय." तो म्हणाला, "हो दादा, परत घेऊ." पुन्हा तेच. "थोडा खाली आहेस." "हो दादा." एका गाण्याचे सात वेळा प्रयत्न झाले. मला वाटलं दम पुरत नाही, आजारी माणूस. मी त्याला प्रेमानेच सांगत होतो, प्रत्येक वेळी सांगत होतो. संध्याकाळपर्यंत दोन गाणी झाली आणि त्याच्या ओठांवर निळसर झाक आली, तेव्हा तात्यांनी भाता मिटला. "पुरे आता." भिया म्हणाला, उरलेली दोन ऑपरेशननंतर.

ऑपरेशन चांगलं झालं. सहाव्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, डोळे चमकदार. त्याने एक गोष्ट मागितली. "दादा, ते सूर मोजायचं तुझ्या मोबाइलमधलं, माझ्यात टाकून दे न." इंदूरनंतर मी कितीदा मागे लागलो तरी त्याने घेतलं नव्हतं. मी लगेच टाकून दिलं. पडल्या पडल्या त्याने मोबाइल छातीवर ठेवला आणि बारीक आवाजात सा धरला. काटा खाली. थोडा वर. परत खाली. "येईल," तो म्हणाला. "पुढच्या वेळी नाही उतरणार. तुला परत परत सांगावं लागलं त्या दिवशी." मला आनंद झाला. जाताना इरफानला फोन करून मी म्हणालो, शेवटी भिया मोजायला शिकला.

नवव्या दिवशी ताप आला. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. ताप उतरला नाही आणि बाराव्या दिवशी सकाळी भिया गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. पोहोचवून आल्यावर इरफान गोदामात गाद्यांना पाठ लावून बसून राहिला, आणि मी कारखान्यात जाऊन हातोडीने कास्टिंगं वाजवत राहिलो. मला एकाचाही आवाज कळत नव्हता.

दोन महिन्यांनी मी ती दोन गाणी घेऊन धारला गेलो. गुरुवार होता. भजनाला अजून अवकाश होता, तात्या एकटेच गाभाऱ्याच्या पायरीवर फुलं निवडत होते. मी त्यांना गाणी ऐकवली. कापूस न घालता, डोळे मिटून त्यांनी दोन्ही ऐकली. मला उगाच काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी म्हणालो, "तात्या, आवाज जरा उतरलाय. आजारामुळे त्याला सूर टिकवता येत नव्हता हो."

तात्या फुलं निवडत म्हणाले, "आजाराने नव्हे." मग एक फूल बाजूला ठेवून म्हणाले, "पेटी चढली होती ना. लहानपणापासून त्याचा सा खालचा. गळा आपल्या जागी जायला बघायचा, तो परत वर ओढायचा."

एवढी साधी गोष्ट, आणि दिवसभर हेडफोन लावून बसलेल्या मला कळली नव्हती. मी विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"पहिल्या स्वराला. त्यालाही. तुम्ही तार आणायला बाहेर गेलात, तेव्हा मी त्याला म्हणालो, त्यांना सांगू या, आठवड्याभरात उतरवून आणतील. तो म्हणाला, 'नको तात्या. दादाने इतक्या हौसेने केलंय, त्याला वाटेल आपण बिघडवलं. मीच मिळवून घेतो.'"

मला रडू आलं. बापाच्या समोर रडायची सोय नव्हती, तरी आलं. सात वेळा. सात वेळा मी त्या पोराला म्हणालो होतो, तू खाली आहेस. आणि तो प्रत्येक वेळी हो दादा म्हणून ज्या पेटीला मिळवत होता, ती पेटी मी माझ्या हातांनी त्याच्यापासून वर नेऊन ठेवलेली. ज्या एका जागी त्याचा सा त्याला मिळायचा, ती जागा मी मोजून मोजून काढून टाकली होती. आणि दवाखान्यात तो काट्याकडे बघत होता, तो माझ्यासाठी.

डोळे पुसून मी म्हणालो, "तात्या, मी उद्याच पेटी उज्जैनला नेतो. होती तशी करून आणतो. ते करता येतं."

"नको," तात्या म्हणाले. "या स्वराला मिळवायला त्याने किती कष्ट घेतले, ते मी समोर बसून पाहिलंय. तो आता परत खाली आणायचा नाही. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, पण रोज सकाळी बसतो. मीही मिळवून घेईन."

लोक यायला लागले. तात्यांनी हात धुतले आणि पेटीसमोर बसले. मी भिंतीला टेकून खाली बसलो. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीला तात्यांचा आवाज हळूहळू घसरला आणि जिथे ते दोघं इतकी वर्षं गात होते तिथे जाऊन थांबला. त्यांनी भाता सोडला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "उतरला का हो?"

मी म्हणालो, "नाही तात्या. बरोबर लागलाय."